फसकीचा हात

११ नोव्हेंबर १९५३
आज भर बाजारात एका पैलवानाच्या थोबाडीत मारली. हात अजून झिणझिणतोय. तरी लिहून ठेवते, नाहीतर उद्या गावातले लोक मी त्याला झाडाला टांगलं म्हणून सांगतील.

खानावळीची भाजी घ्यायला सुभद्रा माळणीपाशी बसले होते. तिची वाडी गावाबाहेर नदीकाठी. पहाटे तोडते, उन्हं वर यायच्या आत बाजारात. मास्तरांना वांगं वातूळ, मोटारवाल्यांना मेथी कडू, पण सुभद्राच्या टोपल्यातलं सगळेच मुकाट खातात, म्हणून मी दुसरीकडे जात नाही. नवरा कोंडू हंगामापुरता कारंज्याला कापसाच्या जिनात. पोरगी मांडीवर, पुढ्यात सांबाराच्या हिरव्यागार जुड्या, मेथी, थोडी लालबुंद भेदरं.

फसकीला यंदा नवा माणूस. आजवर दगडूबा यायचा. म्हातारा मागून यायचा, माळण मान फिरवायची (फसकी घेणारा हात दिसला की त्या दिवशी टोपलं खपत नाही, असं या सगळ्या मानतात), दगडूबा दोन बोटांनी चार पानं उचलून झोळीत टाकायचा अन् पुढे जायचा. बाजाराच्या ठेकेदाराचा हक्क टोपल्यामागे एक मूठ, तीच फसकी. मूठ कोणाची हे कुठे लिहिलेलं नाही. नव्या ठेकेदाराने तेवढं बरोब्बर ओळखलं. दगडूबाला घरी बसवलं अन् भीम्या आणला. सुपाएवढा पंजा.

त्याने एकदा घेतली. दुसऱ्यांदा घेतली. सुभद्रा बिचारी मान फिरवूनच. म्हणाली, "झालं का?"
"झालं म्हणजे सांगतो," भीम्या म्हणाला, अन् तिसऱ्यांदा हात घातला.
तिने न बघताच मनगट धरलं. त्याने टोपल्याला लाथ घातली. टोपलं तिच्या मांडीवर, पोरगी खडीवर तोंडघशी. ओठ फाटला, रक्त आलं. मग माझं डोकं जागेवर राहिलं नाही.

"बाई हायेस म्हणून सोडतो," गाल चोळत म्हणाला.
मी म्हटलं, "बाई हाय म्हणून थापडीवर भागलं तुयं. घरी जाय."

हसले लोक. ते त्याला जास्त लागलं. हे असते तर मला ओढत घरी नेलं असतं. ते नाहीत, म्हणून मी अशी सुटले आहे की काय कोण जाणे.

१३ नोव्हेंबर
सकाळी वाडीवर गेले. पालक, मुळे, लवकी. सु. मोटेवर. बैल चांगला शहाणा आहे तिचा, हाक मारायच्या आधी वळतो.

तिथे आणखी माळणी बसलेल्या, आसेगावच्यासुद्धा. सगळ्यांचं एकच. "मावशी, तुया अंगणात बसू काय आमी? बाजाराच्या हद्दीत बसलो तं फसकी. तुयं अंगण तं तुयं हाय."
मी लगेच बसा म्हटलं. दया वगैरे काही नाही. ठेकेदाराचं तोंड कसं होईल ते डोळ्यापुढे आलं.

दुपारी त्याचा निरोप. बाजाराच्या दिवशी गावात पान विकलं गेलं तरी फसकी त्याची. मी उलट निरोप पाठवला की माझ्या अंगणातलं शेण पण मीच उचलते, त्यातली मूठ हवी असेल तर सकाळी लवकर ये.

१८ नोव्हेंबर
काय दिवस. अंग ठणकतंय, पण काय दिवस!

उजाडता अंगण भरलं. उंबराखालून पार मोटारींच्या रस्त्यापर्यंत टोपली. वांगी, वालाच्या शेंगा, पातीचा कांदा, बोरं. सगळं आसपासच्या वाड्यांतलं, त्याच सकाळचं. गिऱ्हाईक बाजार सोडून इकडे. बाजारात म्हणे गुळाच्या माशा तेवढ्या उरल्या. माझी चूल एकीकडे, तोंड एकीकडे. खूश होते.

उन्हं चढल्यावर भीम्या आला, बरोबर दोघं. आल्या आल्या पहिलंच टोपलं उलथं केलं. मग सुरू झालं. माळणींनी तागडीतले दगड मारले. एकाचा डोळा गेला की राहिला माहीत नाही, हाताने दाबून पळाला. दुसऱ्याला चौघींनी खाली पाडून लाथाडलं. मी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन गेले अन् भीम्याच्या मानेवर टेकवलं. केस जळाल्याचा वास आला. ओरडला तो, डुकरासारखा. सु. पोरगी कमरेला बांधून उभी, तिने हात लावला नाही कोणाला. नुसती बघत होती.

संध्याकाळी एकेकीने जाताना माझ्या सुपात काही ना काही टाकलं. मी नको नको म्हटलं अन् घेतलं.

मला मारामारी आवडते. असं लिहू नये, पण आवडते.

२० नोव्हेंबर
लिहवत नाही.

वाडी कापली. मुळा उपटून तुडवला. वांग्याचं एकेक झाड बुडापासून कापलेलं, भेदरांचे मांडव जाळलेले, मोट फाडून विहिरीत टाकलेली. बैलाच्या मागच्या पायाच्या शिरा कापल्या. उठायला बघतो, पुढचे पाय रोवतो, मागचं अंग फरपटतं, पुन्हा पडतो. पुन्हा उठायला बघतो. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसले, तेवढाच तो निजून राहिला. माझ्या हातून दुसरं काही झालं नाही.

सु. रडली नाही. विहिरीच्या दगडावर विळा घासत होती.
"तोडाले तं काही राह्यलं नाई. इळा कायले घासतं?" मी विचारलं.
"नदीकडची अंबाडी राह्यली हाय थोडी. थे घेऊन येतो बुधवारी." मग अंगठ्याने धार पाहत, "हात येईनच ना टोपल्यात, मावशी."

बरं वाटलं मला ते ऐकून. भीम्याचा तो पंजा अंबाडीत पडलेला पाहायला मला आवडलं असतं.

२२ नोव्हेंबर
बैल मेला.

जमादार येऊन जेवून गेला. वांग्याची भाजी दोनदा घेतली. वाडी कापताना पाहिलं कोणी? मी म्हटलं, बैलाने पाहिलं. तो म्हणाला, "अनुसयाबाई, तोंडाले जरा आवर घाला." भाजीचं मात्र कौतुक केलं.

२६ नोव्हेंबर
काल लिहू शकले नाही. हात धुतले तरी वास जाईना.

सरळ लिहिते, जसं झालं तसं.

काल बाजार. माळणी पुन्हा माझ्या अंगणात. भीतीने निम्म्याच. सु. एका टोपल्यात अंबाडी घेऊन उंबराखाली. विळा मांडीखाली असणार हे मला माहीत होतं. मी दारातून रस्त्याकडे डोळे लावून बसले, भीम्या कधी येतो म्हणून. कणीक तशीच पडलेली.

भीम्या आलाच नाही. ठेकेदाराचा सकाळी धीर सुटला होता. बाजार ओस, ठेका बुडणार, म्हणून त्याने दगडूबाला बोलावून झोळी परत दिली. म्हणाला, तूच जा बाबा, तुझ्या हाताला बाया नाही म्हणत नाहीत. हे त्याने ना कोणाला सांगितलं, ना दवंडी दिली. हे सगळं आम्हाला मागून कळलं.

दगडूबा मागच्या कुडाकडून अंगणात आला. मला उंबरापाशीच दिसला. झोळी खांद्याला, नवा सदरा. हसत होता. पुन्हा कामावर लागला म्हणून. मी मनात म्हटलं, चला, जिंकलो. एवढंच म्हणून होतं न होतं तोच तो सु.च्या पाठीशी वाकला. तिला नुसती पावलांची चाहूल लागली, अन् तिने मान फिरवली. सवयीने. एवढा राग पोटात, तरी मान मात्र फिरवलीच. टोपल्यात हात आला तसा तिने न बघता विळा घातला.

दुसऱ्यांदा पण घातला. मग पाहिलं.

मनगट कातड्यावर लोंबत होतं. दगडूबा ओरडला नाही. हाताकडे पाहिलं, सु.कडे पाहिलं, अन् म्हणाला, "बाई, मी हाय ना." मग अंबाडीवरच दमल्यासारखा बसला.

२६ नोव्हेंबर, दुपार
मघा भाकरी टाकायला उठावं लागलं.

पुढचं. मी पदर फाडून दंड आवळला, चुलीतली राख दाबली. तेवढ्यात मागे गलका. त्याच माळणी, ज्यांच्यासाठी सु.ची वाडी गेली, त्याच तिला तागडीच्या दगडांनी मारत होत्या. "आपल्या दगडूबाले मारलं, रांडेनं!" तिने पोरगी पोटाखाली घेतली अन् पाठ वर. एक दगड कानामागे लागला. मी दगडूबाला तसाच टाकून धावले, तिला केसांनी धरून फरफटत सैपाकघरात नेलं, कडी लावली. माझ्याही पाठीत दोन बसले.

मंगरूळहून डॉक्टर आला, मोटारीने. हात पुरताच कापून बांधला. म्हणाला, अकोल्याला न्या, विष चढेल. दगडूबा म्हणतो, "मी कुठी जात नाई. अथीच टाका." म्हणून तो माझ्या पडवीत. अन् सु. सैपाकघरात. मध्ये एक दार.

जमादार आला. विळा कोणी मारला? अंगणभर बाया, एकीने तोंड उघडलं नाही. सु.च्या मायेने नव्हे. तिचा हिशेब त्यांना स्वतः करायचा आहे, सरकारने मधे पडू नये. जमादाराला सगळं कळतं, तो म्हणाला, "दगडूबा सांगन तवा पाहू." दगडूबाने भिंतीकडे तोंड केलं.

२७ नोव्हेंबर
दगडूबाचा मुलगा श्रावण आला, रिठदहून पायी. तिथे नांगराच्या कामावर असतो. कुऱ्हाड खांद्यावर. बापाजवळ बसला, कापलेल्या हाताचा बोळा हुंगला, उठला, ओट्यावर जाऊन बसला. कुऱ्हाड मांडीवर आडवी.

त्याच वेळी आत पोरगी रडली. मी म्हटलं, बहिणीची लेक आली आहे.
हसला. "मावशी, मले येडं समजून राह्यली काय? मी आत येणार नाई. माया बाप तुया घरात पडून हाय, तुया हातचं पानी पिते. त्या उंबऱ्यात मी कुराड नाई नेत. बाप हाय तवर मी बसतो अथी. बाप गेला का थे आतली बी जाईन. तवा तू मधात येजो नको."

आवाज चढवला नाही त्याने. भीम्याला मी कधी भ्याले नाही. याला भ्याले.

आत सु.ला सांगितलं, बाहेर पाऊल टाकू नको. म्हणाली, "बुढा जेवला काय?" मी चिडले. स्वतःच्या मानेचं बघ म्हटलं. तर पुन्हा तेच, जेवला काय.

नाही जेवला. परवापासून घोट घोट पाणी. बाकी काही नाही.

२९ नोव्हेंबर
ठेकेदार जीप घेऊन आला. भीम्या बरोबर, मानेला फडकं. दगडूबाला अकोल्याला नेतो म्हणे. मला कळत नाही का? वाटेत त्याच्याकडून वदवून घ्यायचं की हा कट अनुसयाबाईचा, अंगण तिचं, विळा तिचा. म्हणजे अंगणही बंद, खानावळही बंद.

भीम्याने दगडूबाला खाटेसकट उचलायला घेतलं. म्हातारा विव्हळला. चुलीवर वरणाचं पातेलं होतं, उकळतं. मी दोन्ही हातांनी उचललं अन् त्याच्या छातीवर ओतलं. सदरा अंगाला चिकटला, त्याने ओढला तर कातडं सोबत आलं. तसाच माझा गळा धरला. डोळ्यापुढे काळं झालं. मग हाड मोडल्याचा आवाज. श्रावणने कुऱ्हाडीचा तुंबा त्याच्या खांद्यावर घातला होता. धार नाही, तुंबा. दुसरा घातला तेव्हा भीम्या खाली बसला अन् आईला हाक मारू लागला.

ठेकेदार जीपमध्ये बसून होता. उतरलाच नाही.

सगळे गेल्यावर श्रावण पुन्हा ओट्यावर. कुऱ्हाड मांडीवर, होती तशी. मी त्याला भाकर अन् ठेचा नेऊन दिला. वरण तर भीम्याने नेलं.
"वरन गोडं होतं काय तिखट?" त्याने विचारलं.
मला हसू आलं. त्यालाही. मग दोघांनाही आठवलं तो तिथे कशासाठी बसला आहे.

मी म्हटलं, "श्रावण, तिनं पाह्यलं नाई रे. मान फिरवली होती तिनं."
"ठाव हाय. सगळ्याइनं सांगतलं." भाकर मोडत राहिला. "मंग? माया बापाचा हात उगवते काय त्यानं?"

१ डिसेंबर
कोपरापर्यंत काळं पडलं. वास येतो, धूप घालते, जात नाही. मास्तर लोक जेवायला यायचे बंद. मोटारवाले येतात, त्यांना वासाचं काही नाही.

ताप. पण आज मधेच दगडूबा शुद्धीवर, स्वच्छ बोलला. "अनसू, तिनं मान काहून फिरवली?"
मी म्हटलं, "सगळ्याच फिरवतात, दगडूबा. तुम्हीच तं तिच्या मायले सांगत होते, पाहू नको, बरकत जाईन."
"होय," म्हणाला. "इवलीशी होती, मायच्या बाजूले बसे. तवा तिले बी सांगतलं. मी माया हातानं..." डोळ्यातून पाणी कानात जात होतं. मी पुसलं.

पेज करून नेली. दात आवळले. श्रावणने भरवायला घेतली, म्हाताऱ्याने त्याच्या हातावर फटकारली. डाव्या हाताने. सांडली सगळी. मी शिव्या दिल्या म्हाताऱ्याला, वाटेल त्या दिल्या. मरायचंच असेल तर माझ्या पडवीत कशाला, नदीवर जा. तू मेलास तर तो पोरगा तिला तोडतो, मग त्याला फाशी, मग ते पोर कोणी पाहायचं, मी? ऐकत होता, मला दिसत होतं ऐकताना. रागावलाय तो. कोणावर, ते सांगत नाही.

दार बंद होतं. पण पडवीत बोललेलं सैपाकघरात सगळं ऐकू येतं.

२ डिसेंबर
बाजार. अंगणात कोणी नाही. बाजारातही कोणी नाही म्हणे. उंबराखालची माती मी खरवडून टाकली होती, तिथे कुत्री बसली आहेत.

सकाळी डॉक्टर येऊन गेला. आज जर पोटात काही गेलं तर अकोल्याला मोटारीत घालता येईल, नाहीतर वाटेतच जाईल, म्हणाला. पैसे न घेता गेला, त्याचीच मला जास्त भीती वाटली. श्रावणने ऐकलं. ओट्यावरून उठला, पडवीतल्या मधल्या दाराशी येऊन उभा राहिला. कुऱ्हाड आज मांडीवर नाही, हातात.

मी पेज वाटीत काढली. सु.ने हात पुढे केला. पोरगी तिने माझ्या फडताळापाशी निजवली होती, वर लुगडं घालून.
"मावशी, दार उघड. मी नेतो."
"येडी झाली काय? तो दारात उभा हाय."
"हाय तं हाय. तिकडं बुढा उपाशी चालला. उघड."

दरवेळी मी मधे पडते. आयुष्यभर पडले. कोणाच्या मारामारीत, कोणाच्या नवरा-बायकोत. आज कडीवर हात ठेवून उभी राहिले अन् वाटलं, हे तिचं आहे. कडी काढली.

ती गेली. श्रावण हलला नाही, तिला जायला वाट पण दिली नाही. त्याच्या कुऱ्हाडीला पदर घासून ती पडवीत गेली. खाटेपाशी बसली. म्हणाली, "दगडूबा, मी सुभी."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. किती वेळ नुसता बघत राहिला. तिचा कान सुजलेला, फुटलेलं कपाळ. मग म्हणाला, "कोनं मारलं तुले?"
तिने वाटी तोंडाशी नेली.
त्याने तोंड उघडलं.

हे मी चुलीपाशी बसून लिहितेय, तिथून पडवी दिसते. पेज त्याच्या तोंडात आहे, गिळलेली नाही. कडेने थोडी गळली, तिने बोटाने आत सारली. श्रावण तिच्या मागे येऊन उभा आहे, अगदी मागे. म्हणाला, "बाबा, काय करू?" म्हातारा त्याच्याकडे बघत नाही, तिच्याकडे बघतोय. तोंड भरलेलं, म्हणून बोलता येत नाही, की बोलायचं नाही. घसा एकदा हलल्यासारखा वाटला. पुन्हा नाही.

मी मोठं पातेलं चुलीवर चढवलंय. घशाखाली उतरली तर आणखी पेज लागेल. नाही उतरली तर श्रावणपुढे मला हाताशी काहीतरी हवं. दोन लाकडं अजून सारली. आधण यायचंय.